मुलांना रायगड दाखवायचाय? आधी एक दोरी घ्या

चार वर्षांपूर्वी भाच्याला पहिल्यांदा रायगडावर नेलं. रोपवेने वर, दोन तासांत सगळं 'कव्हर', राजसभेत घोषणा, फोटो, ताक, रोपवेने खाली. परतताना गाडीत विचारलं, "काय काय पाहिलंस?" तो म्हणाला, "हिरकणी, वाघ्या कुत्रा आणि टकमक टोकावरून छत्रीने उडालेला माणूस."

तिन्ही गोष्टी त्याने पाहिलेल्या नव्हत्या, ऐकलेल्या होत्या. ज्या गडावर राज्याभिषेकाची साक्ष देणारा शिलालेख आजही भिंतीत बसवलेला आहे, तिथून पोरगं छत्री घेऊन आलं. चूक त्याची नव्हती. आम्ही त्याला तेवढंच दिलं होतं.

त्यानंतर भाचा, भाची, शेजारची मुलं अशी बरीच वरात घेऊन चार-पाच वेळा जाऊन आलो. दर वेळी थोडं शिकलो, थोडं बदललं. त्यातून जमलेली पद्धत इथे देतो. ती एका प्रश्नाभोवती फिरते: "कशावरून?" मुलांना हा प्रश्न फार आवडतो, कारण एरवी तो आपण त्यांना विचारतो. इथे तो त्यांनी आपल्याला विचारायचा असतो.

पहिली पायरी: पावणेचार मीटर दोरी

जायच्या आठवडाभर आधी घरात एक सुतळी घ्या, साधारण पावणेचार मीटर. एक सेंटीमीटर म्हणजे एक वर्ष. एका टोकाला 1656 ची चिठ्ठी लावा. त्या वर्षी जावळीच्या मोऱ्यांकडून हा डोंगर महाराजांकडे आला, तेव्हा त्याचं नाव रायरी होतं. दुसरं टोक म्हणजे आज.

आता मुलांनाच मोजपट्टी देऊन खुणा करायला सांगा. 1674, राज्याभिषेक. 1680, महाराजांचं निधन, याच गडावर, 3 एप्रिलला. 1689, गड मोगलांकडे. 1733, शाहू महाराजांच्या काळात पुन्हा मराठ्यांकडे. 1818, इंग्रजांकडे. 1947.

मग प्रत्येक तुकडा वेगळ्या रंगाने रंगवायचा. इथे मुलं गप्प होतात. राज्याभिषेकापासून महाराजांच्या मृत्यूपर्यंतचा तुकडा निघतो सहा सेंटीमीटर. बोटाएवढा. आणि मोगलांचा तुकडा 44 सेंटीमीटर! "म्हणजे रायगड मोगलांकडे इतका होता?" हा प्रश्न माझ्यासमोर प्रत्येक मुलाने विचारलाय. चौथीच्या पुस्तकात महाराजांचा इतिहास मनापासून वाचलेली मुलं असतात ही, पण गड 1680 ला संपतो अशी त्यांची समजूत झालेली असते. इंग्रजांचा तुकडा तर 129 सेंटीमीटर, सगळ्यांत लांब.

44 सेंटीमीटरचा तुकडा घाईने ओलांडू नका. 1689 मध्ये संभाजी महाराजांच्या हत्येनंतर झुल्फिकारखानाने गडाला वेढा घातला. राजाराम महाराज गड पडायच्या आधीच तिथून निसटले आणि पुढे दूर दक्षिणेत जिंजीला पोचले. येसूबाई आणि छोटे शाहू गडावर राहिले. गड पडला आणि दोघं मोगलांच्या कैदेत गेले. शाहूंचं वय तेव्हा सात. समोर सात वर्षांचं धाकटं भावंड बसलेलं असेल तर आणखी काही सांगावं लागत नाही. शाहू सुटले 1707 मध्ये. दोरीवर ते अंतर मुलांना मोजू द्या: अठरा सेंटीमीटर.

दुसरी पायरी: वहीत तीन रकाने

शंभर पानी साधी वही पुरे. पान उभं दुमडून तीन रकाने करा: *पाहिलं*, *वाचलं*, *ऐकलं*.

डोळ्यांनी दिसलं, हाताने मोजलं ते पहिल्यात. त्या काळच्या माणसाने लिहून ठेवलेलं, दगडावर कोरलेलं ते दुसऱ्यात. गाईडने, आजोबांनी, मी सांगितलेलं ते तिसऱ्यात. एखादी गोष्ट तिसऱ्या रकान्यात गेली म्हणजे ती खोटी, असं मुलांना वाटू देऊ नका. हिरकणीची गोष्ट मी अजूनही सांगतो, रंगवून सांगतो. दूध घालायला आलेली गवळण, संध्याकाळी बंद झालेले दरवाजे, घरी तान्हं बाळ, आणि अंधारात उतरलेला कडा. सांगून झालं की मुलांकडे बघायचं. ती निमूटपणे 'ऐकलं' मध्ये लिहितात. गोष्टीची मजा त्यामुळे काही कमी होत नाही, हे मी शपथेवर सांगेन.

तिसरी पायरी: आकड्यांची गुप्त भाषा

गडावर जगदीश्वराच्या देवळाच्या भिंतीत संस्कृत शिलालेख आहे. तो जाऊन वाचायचा तर तयारी घरीच करावी लागते, नाहीतर मुलं "काहीतरी लिहिलंय" म्हणून पुढे पळतात.

जुन्या काळी आकडे शब्दांत लपवत. भूमी एकच, म्हणून भूमी म्हणजे 1. डोळे 2. अग्नी 3. वेद 4. मदनाचे बाण 5. ऋतू 6. ऋषी 7. वसू 8. ग्रह 9. आकाश म्हणजे शून्य. आणि मुख्य गंमत अशी की आकडे उलटे, उजवीकडून डावीकडे वाचायचे.

मुलांना आपापलं जन्मवर्ष या भाषेत लिहायला लावा. 2014 चा जन्म असेल तर उलट क्रमाने 4, 1, 0, 2, म्हणजे 'वेद-भूमी-आकाश-नेत्र'. आमच्या घरी या खेळाने एक अख्खा रविवार खाल्ला. भाचीने फ्रिजच्या दारावर सगळ्यांची जन्मवर्षं चिकटवून ठेवली, पाहुण्यांना काही कळेना.

एवढं झालं की शिलालेखातला एक शब्द कागदावर लिहून द्या: *षण्णवबाणभूमि*. फोड करू द्या. षट् म्हणजे 6, नव म्हणजे 9, बाण 5, भूमि 1. उलटं वाचलं की 1596. "पण राज्याभिषेक तर 1674 ला!" हा आक्षेप यायलाच हवा. तो आला की शक आणि इसवी सन यांतला 78 चा फरक सांगा आणि बेरीज करायला लावा.

याच ओघात दुसरी एक अडचण सुटते. राज्याभिषेकाचा सोहळा 6 जूनला होतो आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीलाही होतो, मग खरा दिवस कुठला? दोन्ही एकच. त्रयोदशी ही आपल्या पंचांगाची तिथी. 6 जून ही तेव्हाच्या इंग्रजांच्या जुन्या कॅलेंडरची तारीख. आजच्या कॅलेंडरात मांडली तर ती दहा दिवस पुढे, 16 जून येते. मोठ्या मुलांना हे सांगा. आठ वर्षांच्याला सांगायला गेलात तर तोंडाला फेस येईल, मला आला होता.

जमलं तर एखादी शिवराई मिळवून मुलाच्या हातावर ठेवा. तांब्याचं नाणं, एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. अक्षरं झिजलेली असतात, भिंग लागतं. नाही मिळाली तर वस्तुसंग्रहालयात किंवा पुस्तकातल्या फोटोत दाखवा.

चौथी पायरी: दिवस, वेळ आणि वाट

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात गड देखणा असतो, पण धुक्यात दहा फुटांपलीकडचं दिसत नाही आणि दगडांवर शेवाळ असतं. मोज-मापं करायची असतील तर कोरडे दिवस बरे. एप्रिल-मे मध्ये अकरानंतर माथ्यावर सावली शोधावी लागते. राज्याभिषेक सोहळ्याच्या दिवशी मुलांना न्यायचं असेल तर खुशाल न्या, पण तो सोहळा अनुभवायला. त्या गर्दीत शिलालेख वाचून होत नाही.

पायऱ्या दीड हजारांच्या आसपास. रोपवेने काही मिनिटांत वर जाता येतं, पण रोपवेने महादरवाजा चुकतो, आणि महादरवाजा चुकला तर गड कळला असं म्हणता येत नाही. म्हणून माझी वाट अशी: सकाळी पहिल्या फेऱ्यांत रोपवेने वर, दुपारनंतर पायऱ्यांनी खाली. मुलांचे पाय ताजे असताना डोकं वापरायचं, डोकं थकलं की पाय वापरायचे. गुडघेदुखीवाल्या आजी-आजोबांना दोन्ही वेळा रोपवेच.

सोबत पाणी, टोप्या, मोजपट्टी, वही, पेन्सिल आणि ती दोरी. खाण्याचं ओझं नको, वर बायका पिठलं-भाकरी आणि ताक देतात.

पाचवी पायरी: गडावर

रोपवेने वर आलात की मेणा दरवाज्यातून आत शिराल आणि समोर वाड्यांची जोती दिसतील, नुसती जोती. "वाडे कुठे गेले?" इथे उत्तर देऊ नका. दोरी काढा आणि 1818 ची चिठ्ठी दाखवा. त्या मे महिन्यात इंग्रज फौजेने गडावर तोफा डागल्या. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पत्नी वाराणसीबाई तेव्हा गडावर होत्या. वाड्यांना आग लागली. आता विचारा, "काय जळतं आणि काय जळत नाही?" लाकूड जळालं, दगड राहिला. हे मुलांनी स्वतः सांगितलं पाहिजे. माझ्या भाच्याने सांगितलं आणि मग तो प्रत्येक जोत्यावर खांब कुठे असतील ते शोधत हिंडला. चौकोनी तळखड्यांना हात लावून "इथे एक, इथे एक" असं मोजत होता.

राजसभा म्हणजे साधारण 220 फूट लांब आणि 124 फूट रुंद. आकडा आधी सांगू नका. मुलांना पावलांनी मोजायला लावा, एका पावलाची लांबी मोजपट्टीने काढून गुणाकार करायला लावा. चुकतं, भांडण होतं, पुन्हा मोजतात. मग एकाला नगारखान्याच्या दारात उभं करा आणि दुसऱ्याला सिंहासनाच्या जागेजवळ. दारातल्याने कागद फाडायचा किंवा हळू बोलायचं. गर्दी नसेल तर पलीकडे ऐकू येतं. ही गोष्ट सगळेच गाईड सांगतात, म्हणजे ती 'ऐकलं' मध्ये. करून बघितली की मुलं ती स्वतःच पहिल्या रकान्यात सरकवतात. सकाळी लवकर या म्हणालो ते यासाठीही. मेघडंबरी आणि तिच्यातला महाराजांचा पुतळा आपल्या काळातला आहे, हेही सांगून टाका.

नगारखान्यापाशी दहा मिनिटं बसा. इथे एका इंग्रजाची ओळख करून द्यायची, हेन्री ऑक्झिंडेनची. राजापूरच्या वखारीची लूट झाली होती, तिची भरपाई आणि व्यापाराच्या सवलती मागायला तो मुंबईहून मे 1674 मध्ये आला आणि राज्याभिषेकाच्या वेळी हजर होता. त्याने पाहिलेलं लिहून ठेवलं. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना सोन्याचा मुलामा दिलेले भाले होते. एका बाजूच्या भाल्यांवर मोठ्या दातांच्या माशांची सोन्याची डोकी, दुसऱ्या बाजूला घोड्यांच्या शेपट्या आणि एका भाल्यावर न्यायाचं चिन्ह म्हणून सोन्याचा तराजू. दाराशी दोन छोटे हत्ती आणि दोन देखणे घोडे उभे होते. एवढ्या अवघड वाटेने हे हत्ती वर आणले कसे, याचं त्याला कोडं पडलं होतं.

ते कोडं मुलांवर सोपवा. आमच्याकडे आलेली उत्तरं: पिल्लं असताना आणले, दोरांनी ओढले, आणि एकदा "पॅराशूटने".

बत्तीस मणांच्या सुवर्णसिंहासनाचा विषय निघतोच. तो आकडा सभासदाच्या बखरीतला. कृष्णाजी अनंत सभासदाने ती राजाराम महाराजांसाठी जिंजीला बसून लिहिली, महाराजांच्या मृत्यूनंतर पंधराएक वर्षांनी. म्हणजे 'वाचलं' मध्ये. पण सातवी-आठवीच्या मुलांना इथे एक फरक दाखवा: ऑक्झिंडेनने त्याच दिवसांत लिहिलं, सभासदाने नंतर आठवून. ऑक्झिंडेन परका होता, बऱ्याच गोष्टींचा अर्थ त्याला कळला नसेल. सभासद घरचा, त्याला कौतुक जास्त. कोणावर किती भरवसा ठेवायचा? यावर एकमत व्हायची गरज नाही.

बाजारपेठेत समोरासमोर दोन ओळी, प्रत्येक ओळीत 22 दुकानं. घोड्यावर बसूनच खरेदी करता यावी म्हणून जोती उंच, असं सांगतात. मुलाला जोत्याला पाठ लावून उभं करा. कितवर येतं? घोड्यावर बसलेल्या माणसाचा हात कुठे येईल? एवढं करा आणि पुढे चला.

टकमक टोकावर हात धरूनच. वारा फसवा असतो. शिक्षेच्या गोष्टी आणि छत्री घेऊन निजामपूरला अलगद उतरलेला माणूस, दोन्ही 'ऐकलं'. खाली छत्री निजामपूर नावाचं गाव मात्र खरंच आहे. पण गावाचं नाव हा गोष्टीचा पुरावा होतो, की गोष्टीवरून गावाला नाव पडलं? भाची यावर अजून वाद घालते.

आता जगदीश्वर. भिंतीतला लेख शोधा आणि *षण्णवबाणभूमि* हा शब्द सापडेपर्यंत मुलांना मोकळं सोडा. ओळ सापडल्यावर मुलांची जी आरडाओरड होते, ती ऐकून एकदा एक पुजारीबुवा बाहेर आले होते. त्याच लेखात, गडाचं बांधकाम करणाऱ्या हिरोजी इंदुलकरने गडावर काय काय बांधलं त्याची यादी आहे: वापी म्हणजे पायऱ्यांची विहीर, कूप, तडाग, वन, स्तंभ, कुंभिगृह म्हणजे हत्तीशाळा, नरेंद्रसदन म्हणजे राजवाडे. ही यादी वहीत उतरवून घ्या आणि काय काय सापडलं त्यावर बरोबरच्या खुणा करा. तडाग? गंगासागर झाला, हत्ती तलाव झाला. स्तंभ? गंगासागराच्या काठचे बारा कोनांचे मनोरे. राजवाडे? त्यांची जोती पाहिली. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या बांधणाऱ्यानेच हातात यादी दिल्यावर वेगळा गाईड कशाला?

देवळाच्या एका पायरीवर मराठीत कोरलंय: 'सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इंदुलकर'. वाकून, शक्यतो चपला काढून वाचायला सांगा. महाराजांनी "बक्षीस काय हवं?" विचारलं आणि हिरोजीने "आपली पायधूळ पडेल अशा पायरीवर नाव कोरू द्या" म्हटलं, ही सुंदर गोष्ट 'ऐकलं' मध्ये जाते. नाव आणि पायरी 'वाचलं' मध्ये. एकाच दगडावर दोन रकाने भरतात, अशी जागा सगळ्या गडावर मला दुसरी माहीत नाही.

समोर थोड्या अंतरावर महाराजांची अष्टकोनी समाधी. इथे प्रश्नोत्तरं बंद. मुलांना पाच मिनिटं शांत बसू द्या. नंतर सांगा की एकोणिसाव्या शतकात ही जागा ओसाड पडली होती. महात्मा फुल्यांनी लोकांना तिची आठवण करून दिली, टिळकांनी 1895 मध्ये जीर्णोद्धारासाठी निधी उभारायला घेतला आणि 1896 मध्ये गडावर उत्सव झाला. आजची छत्री त्यानंतरची, 1920 च्या दशकातली. वाघ्याचा पुतळाही विसाव्या शतकातला. त्या काळच्या कागदांत वाघ्या सापडत नाही आणि पुतळ्यावरून मोठ्यांचे वाद आहेत, एवढं सरळ सांगितलेलं मुलांना चालतं. भाच्याला वाईट वाटलं, पण रकाना त्यानेच ठरवला.

सहावी पायरी: उतरताना

महादरवाज्यातून बाहेर पडल्यावर शे-दोनशे पावलं खाली जा आणि मुलांना मागे वळून दार शोधायला सांगा. दिसत नाही. दोन बलदंड बुरूज दिसतात, दार त्यांच्या कुशीत लपलेलं. "आता तुम्ही शत्रू. तोफ कुठे लावाल?" इथे मुलं खरी रंगात येतात. दाराला सरळ तोफ लागत नाही, हत्तीला धावायला जागा नाही, वरून दोन्ही बाजूंनी मारा. दुर्गबांधणीवरचा धडा वाचून जे कळत नाही ते इथे धापा टाकत कळतं.

पाचाडला न थांबता महाडचा रस्ता धरू नका. जिजाऊंची समाधी तिथे आहे. राज्याभिषेकानंतर अकराच दिवसांनी, 17 जून 1674 ला त्यांचं निधन झालं. दोरीवर अकरा दिवस दाखवता येत नाहीत, खूण करायला पेन्सिलचं टोकही जाड पडतं. मी दोरी काढतो आणि तेवढंच दाखवतो.

किती वयाला किती

सहा-सात वर्षांच्याला दोरी नको, शिलालेखही नको. हत्ती वर कसे आले, दार कुठे लपलंय आणि हिरकणी, बास. आठ ते बारा हे या सगळ्या खेळाचं वय. त्यापुढच्यांना ऑक्झिंडेन विरुद्ध सभासद हा सामना द्या, आणि जुलै 2025 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा नकाशा द्या. त्यातले अकरा महाराष्ट्रात आहेत, बारावा तामिळनाडूतली जिंजी. ती तिथे का, हे दोरी केलेल्या मुलाला विचारावं लागत नाही.

घरी परतल्यावर निबंध लिहायला लावू नका, हात जोडून विनंती. वही उघडा आणि 'ऐकलं' च्या रकान्यातली एकच गोष्ट निवडायला सांगा, जिचा पुरावा त्यांना शोधावासा वाटतो. भाच्याने या वेळी हिरकणी घेतली आहे. बुरुजाचं नाव सगळ्यांत आधी कुठल्या कागदात येतं ते शोधायला त्याला दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात जायचंय. मी सुट्टी टाकली आहे.